अग्नी नदीत उतरला तेव्हा

पूर्वी त्रेतायुगात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, वेत्रा नदीच्या वेतवनांनी वेढलेल्या तीरावर तार्क्षायण नावाचे महातपस्वी अग्निहोत्री राहत असत. त्यांच्या कुंडातला अग्नी पूर्वजांपासून अखंड तेवत आला होता. उपवर होताच त्यात समिधा अर्पून कुलधर्म स्वीकारायचा, ही त्या घराण्याची रीत. परंतु त्यांची एकुलती एक कन्या मेधावती पैलतीरावरच्या वरुणोपासकांत रमली, आणि त्या शुभदिनी तिने समिधा पित्याच्या हाती परत ठेवली.

"तात, माझे मन वरुणाचे झाले आहे. मनात नाही ते हातांनी कसे करू?"

"पैलतीरावरचे ते ओलेते तपस्वी!" ऋषी गरजले. "भिजल्या वल्कलांत कसला आला आहे धर्म?"

"आणि धुराने डोळे लाल केले, की येतो का?"

संतापलेल्या ऋषींनी लेकीला कुळातून तोडण्याचा, घटस्फोटाचा विधी मांडला. कुळ सोडणाऱ्याच्या नावाने पाण्याचा घट पायाने लवंडला, की ते माणूस जिवंतपणीच आप्तांना मेले.

"लेक मेली म्हणता," ऋषिपत्नी विपुला म्हणाली, "मग पहाटे तिच्यासाठी खीर शिजवायला का सांगितलीत?"

ऋषींनी घट लवंडला आणि शाप उच्चारला, "या घरचा अग्नी तुला यापुढे ऊब देणार नाही!"

मेधावती पाणावल्या डोळ्यांनी नदीत उतरली. तोच कुंडातली ज्वाला उठली, घटाच्या ओघळामागून चालत तीरावर आली आणि तिच्याशेजारी जळात शिरली. कुंडात नुसती राख उरली. वेत्रेचे पाणी ऊन झाले.

"अग्ने, परत फिर!" आक्रंदत ऋषी छातीभर पाण्यात धावले.

जळातून अग्नी बोलला, "तार्क्षायणा, मी जळाच्याच उदरी जन्मलो. माझ्या मातेच्या घरी निघालेल्या लेकीला तू माझ्या नावाने तोडलेस, आणि मला विचारलेही नाहीस! तिला बोलाव, तिच्या वरुणासकट. मग मी येईन."

ऋषी लेकीकडे वळले. अखेर ते म्हणाले, "मेधे, घरी चल. समिधा मागणार नाही."

"येईन, तात. पण सायंकाळी उपासनेला पैलतीरी जाईन."

"जा. मात्र जेवून जा."

प्रसन्न झालेल्या अग्नीने वर दिला, "मी कुंडात परतेन, आणि माझा एक अंश इथेच जळात राहील."

तेव्हापासून सह्याद्रीच्या पायथ्याशी ऊन पाण्याचे झरे वाहतात; त्यांत उतरणाऱ्याला कोणी त्याचे दैवत विचारत नाही.