विजारीची साक्ष

लढाई ऐन भरात होती, पण मेजर रणनवऱ्यांचा तळ आघाडीपासून वीस कोस मागे होता. तिथं तोफांचा आवाज पोचत नसे, मेजरांचा मात्र कोपऱ्याकोपऱ्यात पोचे. महिनाभर खंदकात काढलेली चाळीस पोरं रजेवर घरी जाण्यासाठी तळावर आली, तेव्हा त्यांचे कपडे बघून मेजर कडाडले, "सरकारी कपड्यांची ही दशा? ज्याचा कपडा झिजलेला सापडेल, त्याची रजा रद्द! गेनबा, असले सगळे कपडे उद्या सकाळी माझ्यापुढं हजर कर."

गेनबा हा तळावरचा परीट. पोरांची तोंडं उतरली, पण तो मिशीतल्या मिशीत हसत भट्टी पेटवायला गेला.

सकाळी त्यानं सगळ्यांदेखत गाठोडं सोडलं. "साहेब, हे चाळीस जोड. सगळे कोपरांवर न् गुडघ्यांवर झिजलेत. शत्रूकडं सरपटत गेल्याबिगर कपडा तिथं झिजत नाही." मग त्यानं गाठोड्याच्या बुडातून एक कडक इस्त्रीची विजार काढून उजेडात धरली. गुडघे कोरे करकरीत, पण बसायच्या जागी पार चाळणी झालेली. "आणि ही एक्केचाळिसावी. हिचा मालकही हुकमात आला. नाव सांगू का, साहेब?"

मेजरांनी आपली विजार ओळखली. "काही गरज नाही," ते पुटपुटले आणि त्यांनी रजेच्या चिठ्ठ्या मागवल्या. चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्यांवर त्यांनी तिथल्या तिथं सह्या केल्या. गेनबानं अदबीनं खुर्ची पुढं सरकवली होती, तरी उभ्यानंच.