भिवराआईच्या पिसांच्या भिंती

सावरखिंडीच्या देवळाला कळस नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्यापलीकडे भिवराआई आपल्या सुनेसोबत खोपीत राहायची. गावाची चाल अशी, की जत्रेला घरटी कोंबडं कापायचं आणि पिसं ओढ्यापलीकडे फेकायची. गावात राहिली तर देवी रुसते म्हणे. पलीकडे माणसं राहतात हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मळणीचं तूस, कुजका पेंढा, तेही तिच्याच दारात.

त्या वर्षी सून ठमा पोटुशी होती. खोपीचे कुड मोडलेले, पौषाचा वारा आरपार जायचा. भिवराआई रावजी पाटलाकडे भिंतीपुरती माती मागायला गेली.

पाटील म्हणाला, "गावची माती गावातल्या भिंतींना. तुला दारात एवढं पाठवतो आम्ही, तेच लिंप की."

चावडीवरचे सगळे हसले.

"लिंपते," म्हणाली भिवराआई, आणि घरी आली.

तिने पिसं, तूस, पेंढा चिंचोक्याच्या खळीत कालवून फळी थापली. ती हातातच फुटली. पिसांचा तेलकटपणा खळीला धरू देईना. मग तिने पिसं राखेच्या पाण्यात धुतली, विळ्याने बारीक चिरली आणि लगदा शिळेखाली दाबून ठेवला. आठ दिवस उन्हात तापून फळी अशी टणक झाली, की टिचकी मारली तर लाकडासारखी वाजे. तशाच फळ्या करून तिने मोडक्या कुडांच्या जागी भिंती उभ्या केल्या. असं म्हणतात, त्या भिंतीला हात लावला, की खुडूक कोंबडीच्या पोटाखाली घातल्यासारखी ऊब लागायची.

या उबेची गोष्ट पाटलाच्या कानावर गेली. ज्यांनी घाण म्हणून फेकली, त्यांनाच आता ती हवी झाली. पाटील गडी घेऊन आला, तेव्हा आत ठमा कळा देत होती.

"पिसं आमची, तूस आमचं. फळ्या काढा रे."

भिवराआई उंबऱ्यात बसली. "न्या की, पाटील. पण आपापलं वेचून न्या. यातलं तुमच्या कोंबड्याचं पीस कोणतं, तेवढं दाखवा."

गड्यांनी फळीला हात घातला. असं म्हणतात, तेवढ्यात फळीतून एक कोंबडी कुरकुरली. दुसऱ्या भिंतीतून ओ आली. मग गावातल्या साऱ्या कोंबड्या खुराड्यांतून सुटल्या, ओढा ओलांडून आल्या आणि पिसं फुलवून अंगणभर उभ्या राहिल्या. पाय टाकायला जागा ठेवली नाही. सगळ्यांत पुढे पाटलाचीच लाल कोंबडी होती. आत बाळ रडलं, तेव्हाच त्या हलल्या, आणि पाटील गड्यांना घेऊन रिकाम्या हाती परतला.

आजही सावरखिंडीत जत्रेची पिसं कोणी फेकत नाही. बाया ती राखेने धुऊन टोपलीत घालून ओढ्यापलीकडे नेतात आणि सगळ्या मिळून एक फळी दाबतात. खळ ढवळणं हा मान नाही, काम आहे, आणि ते पाटलांच्या सुनेचं. फळी वाळली, की वयाने थोरली बाई विचारते, "ही कोणाची?"

"जिचे दिवस भरत आले तिची," सगळ्या सांगतात.

मग ती फळी त्या बाईच्या बाजेपाशी, वाऱ्याच्या अंगाला उभी करून येतात. तिला कोणाच्या दारी मागायला जावं लागत नाही.