म्हाळूची शेगडी

घाटातली झाडं अजून कुणी मोजली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. माथ्यावरच्या एका वाडीत धावड राहत. दगड वितळवून लोखंड काढायचं, हा त्यांचा धंदा. तिथं म्हाळू लग्न होऊन आली. गाव तिला ‘नवी’ म्हणे. नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही.

त्या साली मातीची नवी भट्टी उभी राहिली, दोन पुरुष उंच. ती वाळायच्या आतच गडावरून हवालदार आला. “लोखंड आज पाहिजे. नाहीतर भाता ओढणाऱ्याला कड्यावरून लोटीन.”

भाता ओढायचा म्हाळूचा नवरा, रावजी.

ओल्या भट्टीत जाळ घातला की ती फुटते. म्हाळूचा भाऊ तसाच गेला होता. तिनं सासऱ्याच्या छिन्नीनं एका लोखंडी हंड्याला भोकं पाडली, त्यात निखारे भरून शेगडी केली आणि ती घेऊन भट्टीकडे निघाली.

“धावडांना भट्टी शिकवायला आलीय नवी,” सासू म्हणाली. “आधी भाकरी करपवायची थांब, बाई!”

म्हाळू खालच्या तोंडातून आत शिरली, भिंतीभिंतीनं शेगडी फिरवू लागली. भट्टीला माणसासारखा घाम फुटला, असं म्हणतात. मग माती खणखणीत वाळली. पण निखाऱ्यांच्या कोंडलेल्या धुरानं म्हाळूचे डोळे जड झाले.

“पेटवा!” हवालदार ओरडला.

रीत अशी, की पेटवण्याआधी घरच्यानं आत गेलेल्याला नावानं हाक मारायची. रावजी वाकला. मागं वडील उभे. त्यांच्यापुढं बायकोचं नाव कसं घ्यायचं?

“अगं ए!”

म्हाळूनं ऐकलं. तशी हाक तिच्या आईलाही होती, सासूलाही होती. यातली आपली कोणती, हे ठरेपर्यंत डोळे मिटले.

आतून ओ आली नाही. “बाहेर पडून पाण्याला गेली असेल,” सासरा म्हणाला. जाळ घातला.

भट्टी फुटली नाही. लोखंड ओढ्यासारखं वाहिलं, असं म्हणतात. निवल्यावर आत हाडसुद्धा मिळालं नाही. नुसती ती शेगडी, आणि तिच्यात निखारे जिवंत. रावजी वडिलांदेखत, गावादेखत तिच्यापुढं बसून “म्हाळू, म्हाळू” करत राहिला. दर हाकेला निखारा उजळायचा, असं म्हणतात. गावाला नाव कळलं ते तेव्हा.

अजून तिकडच्या ओतशाळांत नवी भट्टी वाळवायच्या शेगडीला म्हाळूच म्हणतात. आणि त्या वाडीत नवी नवरी आली, की नवऱ्यानं थोरांसमोर तिला नावानं हाक मारायची. उखाणा चालत नाही. तिनं ओ दिल्यावरच घरची चूल पेटते. काही जणी मुद्दाम उशीर लावतात. तोवर सगळं घर उपाशी उभं असतं, आणि कुणी घाई करत नाही.