तीन बेटांवरचा अकरा दिवसांचा ताबा

एका राज्यात, जिथे समुद्र राजवाड्याच्या पायऱ्यांशी येऊन थांबे, चंडवर्मा नावाचा राजा होता. पलीकडच्या किनाऱ्यावर त्याची धाकटी बहीण इंदुलेखा राज्य करीत होती. दोहोंच्या मध्ये तीन बेटे होती: शंखबेट, शिंपलेबेट आणि पोवळेबेट. वडील बेटे कोणाला देऊन गेले, यावर दोघांचा वाद होता. शेवटच्या घडीला त्यांच्यापाशी हीच दोन मुले होती, तिसरे कोणी नव्हते.

चंडवर्म्याला बेटांची हाव नव्हती. त्याला सलत होता तो बहिणीचा आवाज. तिने नावेतून साद घातली की बेटावरचे कोळी हातातले काम टाकून किनाऱ्यावर धावत. त्याची दवंडी ऐकून मात्र दारे लागत. ते आठवले की राजाला घास गिळवत नसे.

शेवटी चाळीस गलबते घेऊन त्याने एका सकाळी तिन्ही बेटे घेतली. निशाण रोवून तो गरजला, "आजपासून ही भूमी माझी!"

पण शब्द उमटले ते इंदुलेखेच्या आवाजात.

सैनिक चपापले. राजाने पुन्हा हुकूम सोडला. पुन्हा तोच मंजुळ स्वर. दहा दिवस असेच चालले. कोळी आवाज ऐकून धावत येत, आणि राजाला पाहून मान फिरवून निघून जात. तो आणखीच जळे.

अकराव्या दिवशी एक म्हातारा समुद्रगरुड निशाणाच्या काठीवर येऊन बसला.

"राजा, ज्याचा हेवा केलास ते तुला मिळाले. तिकडे राणी मुकी झाली आहे. तिच्या आरमाराला हुकूम द्यायला कोणी नाही."

"उतारा सांग."

"प्रत्येक बेटावर तिच्याविषयी एक खरी गोष्ट बोल. फौजेसमोर."

शंखबेटावर राजा म्हणाला, "इथली गोड्या पाण्याची विहीर इंदूने खणवली." तिच्याच आवाजात तिचीच स्तुती! सैनिक तोंड लपवून हसले. शिंपलेबेटावर तो म्हणाला, "साथ आली तेव्हा तिने वैद्य धाडले. मी कोळ्यांचा अर्ज उघडलाही नाही." या वेळी कोणी हसले नाही.

पोवळेबेटावर तो फौजेसमोर उभा राहिला. इतक्यात इंदुलेखा एकटीच, शस्त्राविना, नावेतून उतरली आणि समोर उभी राहिली. तिला पाहताच जुना हेवा पुन्हा भडकला. परत फिरावे, असे त्याला वाटले. पण तो फिरला नाही.

"बाबांनी बेटे इंदूलाच दिली," तो म्हणाला. "मी उशाशी होतो. मी ऐकले, आणि आजवर नाकारले."

शेवटचा शब्द त्याच्या स्वतःच्या, घोगऱ्या आवाजात उमटला.

इंदुलेखेने घशाला हात लावला. "दादा," ती म्हणाली, "फौज कधी नेतोस?"

"भरती येताच."

"आणि तू?"

राजा गोंधळला. "मी काय?"

"तू जेवून जा."

दुपारी चाळीस गलबते परतली. राजाने ताम्रपटावर बेटे बहिणीच्या नावे कोरून दिली. हेवा एका दिवसात गेला नाही. पण दर वर्षी थोडा थोडा उतरत गेला. शाप फिटला, राज्ये आपापल्या सीमांवर सुखाने नांदली, आणि कथा इथे किनाऱ्याला लागली.