नेरलेकर साहेबांची चाळणी

मजकुरातल्या शिव्या हेरून अडवणारं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शब्द पकडणारं चिन्हांचं सूत्र, नेरलेकर साहेबांनी कंपनीच्या पोर्टलसाठी स्वतः लिहिलं, आणि तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला लागेनात. "ग्राहकाची तक्रार असो की स्टाफचा अर्ज, सगळं माझ्या चाळणीतून येतं. आजवर एकही शिवी आत आलेली नाही!"

"साहेब, शिवीच काय, तक्रारही आलेली नाही," त्यांच्या टीममधली रेवती कुलथे भर मीटिंगमध्ये म्हणाली. "तुम्ही सूत्रात नुसता डॉट आणि स्टार लिहिलाय. त्याचा अर्थ, जे येईल ते पकड."

साहेबांचं टाळकं सटकलं. "माझ्या कोडमध्ये चुका काढतेस? आत्ताच्या आत्ता पोर्टलवर राजीनामा टाक!"

रेवतीने सगळ्यांसमोर मोठ्या स्क्रीनवर टाइप केलं, 'मी नम्रपणे राजीनामा देत आहे.' लगेच लाल अक्षरं झळकली: 'असभ्य भाषा. मजकूर नाकारला.'

"मी दिला, साहेब, पण तुमची चाळणी घेत नाही. ती बरोबर असेल तर मी राहते. चुकली असेल, तर मी वेगळं काय म्हणत होते?"

साहेबांनी चाळणी काढली. तासाभरात तक्रारींचा पूर आला. त्यात शिव्याही होत्या, आणि बहुतेक चाळणी लावणाऱ्याच्याच नावाने.