फाट्यावरचा साहेब आणि गावची वेस

नको नको म्हणतोय तरी सांगायला लावताय. वर चहा दिलात तोही गार. आता ऐका, आणि मधे बोलू नका. मधे बोललात तर उठून जाईन.

एका गावात एक भोळा गडी होता. नाव बिरू. अंगानं रेडा, मनानं वासरू. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. तीच तर पंचाईत होती.

त्या गावाला जुनी दगडी वेस होती. कमान खचलेली, सांध्यातून पिंपळ निघालेला. वेशीतून एसटी मावायची नाही, म्हणून ती फाट्यावरच थांबायची. रस्तेवाल्यांनी ठरवलं, वेस पाडायची. गाव हटून बसलं. शेवटी वरून निरोप आला, वेस नीट उभी करून दाखवा. आमचे साहेब येऊन बघतील. त्यांना पटलं तर रस्ता बाजूनं वळवू, नाही पटलं तर पाडू.

दाजीबा पाटील पुढारी झाला. त्यानं चुन्याच्या कामातला जाणता हुसेन गवंडी आणला. घरटी एक माणूस कामावर यायचं ठरलं. बिरूच्या घरात बिरू एकटाच, म्हणून तो आला.

हुसेनचाचानं सांध्यात चुना भरला आणि म्हणाला, "मी भाकरी खाऊन येतो. चुन्याकडं लक्ष ठेव."

बिरूनं लक्ष ठेवलं. पापणी हलवली नाही. ऊन तापलं, चुना वाळला, मग तडकला. बिरूनं सगळं अगदी नीट बघितलं.

"बघत काय बसलास?" चाचा परत येऊन म्हणाला. "ओलं काम वाळायला लागलं की पाणी मारायचं असतं."

"आधी सांगायचं की," बिरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कामाला निघाला. वाटेत कमळाआत्यानं बाजेवर कुरडया घातल्या होत्या. बिरू थबकला. ओलं काम, आणि वाळायला लागलेलं. त्यानं हौदातून घागर भरली आणि ओतली. पुरेना म्हणून आणखी एक ओतली. कुरडयांचा परत चीक झाला आणि बाजेखाली कोंबड्यांची पंगत बसली.

कमळाआत्या लाटणं घेऊन आली. "मुडद्या, पाणी मारायला कुणी सांगितलं?"

"हुसेनचाचानं."

"त्याच्या घरी घालतात का कुरडया? उन्हात काही पसरलेलं दिसलं तर गोळा करून आत न्यावं, झाकून ठेवावं. शेरडं राखणाऱ्यालासुद्धा कळतं एवढं."

"आधी सांगायचं की."

बिरू घोकत घोकत वेशीपाशी पोचला. बघतो तर उन्हात दगडच दगड पसरलेले. चाचानं खचलेली कमान उतरवून एकेक दगड ओळीनं मांडला होता, म्हणजे त्याच क्रमानं परत चढवता येईल. मग तो चुना मळायच्या घाण्याकडं गेला होता. बिरूनं धोतर खोचलं. एकेक दगड खांद्यावर घेऊन मारुतीच्या देवळात नेला, ढीग रचला, वर गोणपाट झाकलं. मग पायरीवर बसला, कुणीतरी शाबास म्हणेल म्हणून.

चाचा आला. मोकळ्या जागेकडं बघत म्हणाला, "माझी कमान कुठाय?"

"आत ठेवलीय. ऊन लागत होतं तिला."

चाचा देवळाकडं धावला. कुठला दगड कुठला, हे जुळवता जुळवता म्हातारा निम्मा झाला. कमान चढली तेव्हा त्यानं बिरूला जवळ बसवून सांगितलं, "ऐक बाबा. काहीही उचलायच्या आधी खूण करायची. एक वस्तूवर, एक जागेवर. मग जिथलं उचललं तिथंच ठेवायचं, तोंड होतं त्याच दिशेला. नीट बसलं की खूण धुऊन टाकायची."

"आधी सांगायचं की," बिरू म्हणाला. पण या वेळी त्यानं गेरूचा खडाच कमरेला बांधला.

वेस उभी राहिली. अशी देखणी, की जुनी माणसं उगाच तिच्याखालून ये-जा करायला लागली. साहेब यायचा दिवस उजाडला. पाटलानं बिरूला दुसऱ्याची मागून आणलेली बैलगाडी देऊन फाट्यावर धाडलं. "साहेबांना जपून आण."

साहेब लिंबाखाली आपल्याच पेटीवर बसला होता. बिरूनं त्याच्या पाठीवर गेरूची फुली मारली. लिंबावर मारली.

"हे काय रे?"

"खूण."

साहेबाला वाटलं, गावाकडची स्वागताची रीत असेल. गुमान पेटीसकट गाडीत बसला. वेशीत तोरण बांधायला शिड्या लावल्या होत्या, म्हणून बिरूनं गाडी ओढ्याच्या वाटेनं गावात घातली.

"आधी जेवण, मग वेस," पाटील म्हणाला. पुरणपोळी, वर तुपाची धार. साहेब नको नको म्हणत खात राहिला. मग म्हणाला, "जरा पडतो, मग बघू तुमची वेस." गाडीतल्या कडब्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला. मंडळी फेटे बांधायला घरोघर गेली.

बिरू एकटा उरला. साहेब कुशीवर वळला तशी पाठीवरची फुली दिसली. बिरूला सगळं आठवलं.

त्यानं ओढ्याच्या वाटेनं गाडी फाट्यावर नेली. पेटी होती तिथं ठेवली, झोपल्या साहेबाला अलगद उचलून तिच्यावर बसवलं, लिंबाला टेकवलं, तोंड होतं त्याच दिशेला. फडकं ओलं करून दोन्ही फुल्या पुसल्या. अगदी डाग राहू दिला नाही.

एसटी आली. कंडक्टरनं घंटी मारली. साहेबानं डोळे उघडले. बघतो तर तोच लिंब, तीच पेटी. चरफडत चढला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दाजीबा पाटील कचेरीत धावला. "साहेब, वेस न बघताच निघालात?"

"बघणार कशी? वाट बघून बघून फाट्यावर डोळा लागला माझा. न्यायला कुत्रं आलं नाही."

"अहो, माझ्या घरी पोळ्या खाल्ल्यात तुम्ही."

"त्या स्वप्नात खाल्ल्या," साहेब म्हणाला. "चांगल्या होत्या. पण स्वप्नात बघून सही करता येत नाही."

वेस गेली. आता एसटी सरळ गावात येते. फाट्यावर कुणाला आणायला जावं लागत नाही.

आणि गाडीबैल माझे होते, म्हणून त्या दिवशी भर चावडीत मला साहेबचोर म्हणाला, आणि खरं कळल्यावरही ज्याच्या तोंडून चुकलो एवढा शब्द निघाला नाही, तो हाच दाजीबा पाटील.