सीलबंद बॉनेट

बाबालाल मिस्त्रीनं चेअरमनसाहेबांच्या गाडीला इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर बसवला, त्याला तीन वर्षं झाली. मोकळ्या रस्त्यावर त्याची शीळ एकदा ऐकायला मिस्त्रीचा जीव आसुसला होता. पण साहेब गाडी काढत ती फक्त स्वतःच्या मिरवणुकीत.

एकदा ते गरजले, "लिटरला चार किलोमीटर, वर इंजिन तापतं. दुरुस्त कर, नाहीतर तुझं गॅरेज बंद करीन."

"बॉनेटला सील ठोका आणि एक सकाळ गाडी द्या," मिस्त्री म्हणाला.

पन्हाळ्याचा घाट तो काच खाली करून, कान देऊन चढला. परतला तेव्हा सील शाबूत होतं, इंजिन तापलं नव्हतं, मायलेज नऊ.

"केलंस काय?"

"काही नाही साहेब. आज पुढं लेझीम नव्हतं, म्हणून वाऱ्याला वाट मिळाली."

किल्ली परत देताना मात्र त्याची मूठ लवकर उघडेना.